क्षारपड दोन एकर आणि जुनी हळहळ : निचऱ्याच्या कामाच्या नोंदी

१६ फेब्रुवारी २०२५

खालच्या रानातला ऊस आज कारखान्याला गेला. दोन एकरांत मिळून ४१ टन. हेच रान मी कॉलेजात असताना एकरी साठच्या पुढं जायचं. ओढ्याकडच्या कोपऱ्यात तर तोडकऱ्यांना कोयता लावायला काही नव्हतंच. वीतभर पाचट आणि त्याखाली पांढरी खार.

वाळवा तालुक्यात कृष्णाकाठाला अशी रानं आता नवी नाहीत. कारणं सगळ्यांना पाठ आहेत. काळी भारी जमीन, बारमाही ऊस, पाटानं मोकळं पाणी आणि निचऱ्याला वाट नाही. त्यात शेतीची लाईट रात्रीची. मोटर ऑटोला टाकायची आणि घरी येऊन झोपायचं. लाईट आली की मोटर आपोआप सुरू, पहाटेपर्यंत सऱ्या तुडुंब. जमिनीतलं पाणी वर चढत गेलं, वर आलेलं उन्हानं उडून गेलं, मीठ तेवढं मागं राहिलं.

जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून हे खारं पाणी बाहेर काढायचं काम मी हाती घेतोय. ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी खर्च, वेळ आणि फसलेलं सगळं इथं लिहीन. पण काम आत्ताच का काढलं, तेही सांगायला पाहिजे. पुढचे बरेच निर्णय त्यामुळंच बरे-वाईट होणार आहेत असं दिसतंय.

२००७ साली शेजारचे आबा आमच्याकडं आले होते. त्यांचं रान आमच्या वरच्या अंगाला, आणि एक तुकडा आमच्या खालीही आहे. वरच्या चार-पाच जणांनी मिळून ओढ्यापर्यंत उघडा चर काढायचा बेत होता. तो आमच्या बांधाकडेनं जाणार, म्हणजे आमचे दोन गुंठे जाणार. घरचे वडीलधारे आण्णा तयार होते. मी नुकताच बी.कॉम. होऊन गावात आलेलो. मी हिशोब मांडला : दोन गुंठ्यांत तीन टन ऊस, हजाराच्या आसपास दर, म्हणजे वर्षाला तीन हजारांचं नुकसान. आण्णांनी माझं ऐकलं. चर झाला नाही. आधी आबांचं वरचं रान बिघडलं, मग आमचं.

वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहिल्यात. चर अडवला. २०१६ सालची मृद आरोग्य पत्रिका न वाचता कपाटात ठेवली. आज काढली तर सामू (pH) तेव्हाच ८.४ होता. आणि तिसरी, दुकानदार सांगेल ती ‘जमीन सुधारणारी’ बाटली दरवर्षी पाटाच्या पाण्यात सोडली. तिन्हींपुढं आता काय करायचं ते लिहिलंय. नुसती चुटपुट लिहिली असती तर पान फाडून टाकलं असतं.

२३ फेब्रुवारी

मातीचे नमुने काढले. वरची फूटभर, त्याखालची दुसरी फूट आणि तिसरी, अशा वेगवेगळ्या पिशव्या. नुसती वरची माती देऊन उपयोग नाही, कारण उन्हाळ्यात मीठ वर आलेलं असतं आणि आकडा भलताच दिसतो. खार फुटलेल्या कोपऱ्यातला नमुना बाकीच्यात मिसळू नका, तो वेगळा द्या.

घरीही एक तपासणी केली. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी अंदाज घ्यायला ती चांगली आहे. दोन काचेचे ग्लास घेतले, दोन्हीत बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. एकात घरामागच्या चांगल्या रानातलं बोराएवढं वाळलेलं ढेकूळ सोडलं, दुसऱ्यात खालच्या रानातलं. हलवायचं नाही. चांगल्या रानातलं ढेकूळ फुटून तळाला बसलं, वरचं पाणी नितळ राहिलं. खालच्या रानातल्या ढेकळाभोवती आधी धुरकट कडं आलं आणि संध्याकाळपर्यंत अख्खा ग्लास गढूळ. सकाळी पाहिलं तरी निवळलेला नव्हता. याचा अर्थ मातीत सोडियम जास्त, तिचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. ते सुटून भेगा-छिद्रं बुजवतात, म्हणून पाणी खाली जिरत नाही आणि वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, येत नाही. आमच्याकडं याला चोपण म्हणतात.

हाच प्रयोग २०१६ ला केला असता तर, असं मनात येत राहिलं. खर्च एका ग्लासचाही नव्हता.

९ मार्च

अहवाल आला. सामू ८.७, विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेला) सोडियम १९ टक्के, संपृक्त अर्काची, म्हणजे पाण्यानं पूर्ण भिजवलेल्या मातीतनं काढलेल्या पाण्याची, क्षारता ५.१ डेसीसायमन प्रति मीटर. सोडियम १५ टक्क्यांच्या वर आणि क्षारता ४ च्या वर, म्हणजे जमीन क्षारयुक्त-चोपण, दोन्ही दुखणी एकदम. इथं एक सूचना : बऱ्याच प्रयोगशाळा एकास अडीच पाण्यात माती कालवून क्षारता मोजतात, तो आकडा कमी दिसतो. त्याला ४ ची पट्टी लावून ‘आपली जमीन ठीक आहे’ म्हणू नका. कोणत्या पद्धतीनं मोजलं ते विचारून घ्या.

विहिरीचं पाणीही तपासलं, क्षारता २.१ निघाली. म्हणजे मी खारट पाण्यानंच रान भिजवत होतो. धुवून काढायला नदीचं, उपसा योजनेचंच पाणी लागणार.

कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात जाऊन आलो. क्षारपड जमिनीवर तिथं बरीच वर्षं काम चाललंय. मी विचारलं, पाईप वीस-वीस फुटांवर टाकू का? समोरचे हसले. आमच्या मातीचा पोत बघून चाळीस फूट सुचवलं. वीस फुटांवर टाकले तर पाईपचा आणि खुदाईचा खर्च दुप्पट, आणि फायदा त्या मानानं नाही. वीस हा आकडा मातीतनं आलेला नव्हता, तो माझ्या हळहळीतनं आलेला होता. अठरा वर्षं उशीर झाला, आता दुप्पट करून भरून काढू, असला हिशोब.

आणखी एक गोष्ट तिथं पक्की कळली, ती क्रमाची. आधी निचरा, मग जिप्सम (मातीला चिकटलेला सोडियम सोडवणारं कॅल्शियमचं खनिज), मग पाणी. निचरा नसताना जिप्सम टाकलं तर सुटलेला सोडियम जाणार कुठं? आणि जिप्सम न टाकता नुसतं गोडं पाणी सोडलं तर मीठ धुऊन जातं, पण सोडियम मातीला चिकटून राहतो आणि जमीन आणखी आवळते. आमच्या गावात हे दोन्ही करून बसलेले लोक आहेत.

२० मार्च

डंपी लेव्हल (उतार मोजायची दुर्बीण) घेऊन माणूस आणला, २,५०० रुपये. गवंडी म्हणत होता, नळीच्या लेव्हलनं करू. घराच्या पायाला ती चालते. इथं शंभर फुटाला जेमतेम अडीच इंचांचा उतार धरायचा आहे आणि तो शेकडो फूट सांभाळायचा आहे. अडीच हजार वाचवू नका.

आराखडा असा. रान ३६० फूट लांब, २४० फूट रुंद. खालच्या बांधाकडेनं मेन पाईप, त्याला वरून उतरत येणाऱ्या नऊ लॅटरल, म्हणजे छिद्रांच्या पाईपच्या शाखा, दोन लॅटरलमध्ये ४० फूट अंतर. लॅटरल वरच्या टोकाला साडेतीन फूट खोल, खालच्या टोकाला चार फूट. मेन शेवटाला पावणेपाच फुटांवर.

आणि इथंच अडलं. ओढा आमच्या बांधाला लागूनच आहे, पण गाळानं भरत-भरत त्याचा तळ आता आमच्या रानापासून चारच फूट खाली. पाईप ओढ्याच्या तळाच्याही खाली जातोय. २०१९ च्या महापुरात फार गाळ आला, २०२१ ला त्यावर भर पडली. ओढा साफ करणं एकट्याचं काम नाही, आणि पुढच्या पुरात परत भरणार.

पर्याय दोन. एक, कोपऱ्यात संप, म्हणजे पाणी गोळा व्हायची टाकी, बांधून मोटरनं पाणी उपसायचं. कुणाला विचारायला नको, पण लाईटच्या वेळापत्रकावर निचरा चालवायचा म्हणजे पावसाळ्यात ऐन गरजेच्या वेळी मोटर बंद. दुसरा, पाईप पुढं पाचशे फूट नेऊन ओढ्यात सोडायचा. तिथं तळ सात फूट खाली आहे, पाईपचं तोंड तळापासून फूटभर वर राहतं, पाणी आपोआप जातं. मधलं पाचशे फूट रान आबांचं.

घरी आल्यावर मी संपाच्या रिंगांचे दर विचारत बसलो होतो. बायको म्हणाली, “आबांकडं जायला नको म्हणून संप काढताय ना?”

३० मार्च, गुढीपाडवा

सणाचं निमित्त बरं पडलं. आबांच्या सोप्यावर बसलो. आधी ऊस, मग उन्हाळा, मग आण्णांचे गुडघे, असं फिरून-फिरून शेवटी विषय काढला. २००७ चंही मीच काढलं. त्यांनी काढायच्या आत आपण काढलेलं बरं.

आबा सुपारी कातरत ऐकत होते. म्हणाले, “तवा तुझ्याकडं क्याल्क्युलेटर हुता. आता माझा थोरला मोबाईल घिऊन बसलाय. त्येला इचार.”

थोरल्यानं अटी घातल्या आणि सगळ्या वाजवी होत्या. पाईप नांगराच्या फाळाला लागणार नाही एवढा खोल. त्यांचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांना परत फुटलेला ऊस, तुटल्याशिवाय मशीन घालायचं नाही. पाईप मोठा टाकायचा, म्हणजे पुढं त्यांच्या वरच्या रानाचं पाणीही त्यातनंच नेता येईल. आणि सगळं कागदावर. ‘कागद कशाला, आपलीच माणसं’ असं मी म्हणणार होतो, पण थांबलो. पाचशेचा स्टॅम्प आणून लिहून दिलं.

११० मिलिमीटरच्या जागी १६० चा मेन घ्यावा लागतोय. खर्च वाढला. पण ही वाढ मला मान्य आहे.

१४ एप्रिल

पाईप आले. ८० मिलिमीटरचा छिद्रांचा, पन्हळी, वरून फिल्टर कापड गुंडाळलेला, ६५० मीटर, मीटरला ६२ रुपये. मेनचे सहा मीटरी ४४ नळ, नगाला १,४५०. फिल्टर नसलेला पाईप स्वस्त मिळतो, घेऊ नका; काळ्या मातीचा बारीक गाळ दोन पावसाळ्यांत आत बसतो. भेंडोळी उन्हात ठेवली होती, आण्णांनी ओरडून शेडमध्ये आणायला लावली. बरोबर केलं, उन्हानं फिल्टरचं कापड खराब होतं.

२८ एप्रिल

चुकीच्या टोकाकडनं सुरुवात केली.

नियम असा की खुदाई तोंडाकडनं, म्हणजे सगळ्यात खालून सुरू करायची आणि वर चढत जायचं. चरात पाणी लागलं तरी ते मागच्या चरातनं निघून जातं. हे मला सांगितलेलं होतं, वहीत लिहिलेलंही होतं. पण आबांचा खोडवा अजून उभा, जेसीबी रिकामा मिळालेला, आणि माझ्या डोक्यात एकच : आणखी उशीर नको. रस्त्याच्या बाजूनं वरच्या लॅटरलपासून सुरू केलं. चौथ्या फुटाला पाणी लागलं. त्याला जायला वाट नाही. दुपारपर्यंत चरात गुडघाभर पाणी, संध्याकाळी दोन्ही कडा ढासळून आत. आत कुणी उतरलेलं नव्हतं म्हणून निभावलं. चार-पाच फुटांचा ओला चर माणसाला गाडायला पुरेसा असतो. माणूस उतरवायचा तर कडा तिरक्या काढूनच उतरवा.

जेसीबीचे दिवसभराचे तास वाया. ऑपरेटर काही बोलला नाही, मीटर वाचून दाखवला.

६ मे

आबांचा खोडवा गेला. आज तोंडाकडनं सुरुवात. ओढ्याच्या काठाला पाईपच्या तोंडाभोवती दगडी पिचिंग केलं आणि तोंडाला जाळी बसवली. जाळी नसेल तर उंदीर, खेकडे, बेडूक आत घर करतात.

मेनचं काम सरळ गेलं. तीन ठिकाणी सिमेंट रिंगांचे चेंबर : तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या लॅटरलनंतर. चेंबरचा तळ पाईपपेक्षा फूटभर खाली ठेवा, गाळ तिथं बसतो आणि हातानं काढता येतो.

१९ मे

सात लॅटरल झाल्या. प्रत्येक लॅटरलच्या वरच्या टोकाला एक उभा पाईप जोडून जमिनीवर काढलाय, टोपण लावून. पुढं धुवायला आणि तपासायला. नगाला दोनशे रुपये वाचवायला मी हे गाळणार होतो, केंद्रातल्या माणसानं दोनदा बजावलं म्हणून केलं.

चौथ्या लॅटरलला मध्येच बकेट जास्त खोल गेली. ऑपरेटर म्हणाला, माती टाकून धुमसू. पश्चिमेकडं आभाळ भरून आलेलं. मी म्हणालो, “टाका, पाईप टाका.” ढेकळं भरली आणि पाईप अंथरला.

२४ मे

वळीव नव्हे, पाऊसच. या वर्षी मे महिन्यातच जूनसारखा कोसळतोय, मॉन्सूनही लवकर येणार म्हणतात. रानात पाय घोट्यापर्यंत जातोय, जेसीबीचं नावच नको. आठवी आणि नववी लॅटरल राहिली. ती आता पावसाळ्यानंतर.

आधी चिडचिड झाली. एप्रिलमधला तो दिवस वाया गेला नसता तर दोन्ही झाल्या असत्या. मग छत्री घेऊन ओढ्याच्या तोंडाशी गेलो. पाईपमधनं पाणी येत होतं. करंगळीएवढी धार नाही, मनगटाएवढी. बोट बुडवून चाखलं. खारट, मागून कडसर. पेनसारखं क्षारता मीटर घेतलंय, त्यावर ६.८ आलं.

हे मीठ ओढ्यातनं नदीत आणि नदीतनं खालच्या गावांच्या रानात जाणार आहे. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. पावसाळ्यात नदीला पाणी भरपूर असतं तेव्हा जास्तीत जास्त धुवून घ्यायचं आणि उन्हाळ्यात सोडायचं नाही, एवढंच हातात आहे.

१२ जून

लॅटरलच्या मधोमध चार-चार फुटांचे भोकं पाडलेले पाईप उभे रोवलेत, पाण्याची पातळी बघायला. काठी सोडायची, ओली किती झाली ते बघायचं. सगळीकडं पाणी तीन फुटांच्या आसपास खाली गेलंय. चौथ्या लॅटरलच्या दोन्ही अंगांना मात्र फुटावरच.

वरच्या उभ्या पाईपातनं बादल्या ओतल्या, चेंबरला काही येईना. मग अर्धा इंची काळी नळी आत सरकवत नेली. एका जागी अडली. नळीवर खूण केली, बाहेर काढून रानात मोजली. बरोबर तिथंच, जिथं मी ‘टाका’ म्हणालो होतो.

हातानं खणावं लागलं. मोकळी ढेकळं पावसानं बसली, पाईपला झोळ पडला, दोन भेंडोळ्यांचा जोड निसटला आणि आत चिखल शिरला. तळ धुमसून घट्ट केला, वर वाळूचा थर, जोडाला कपलर, तारेनं बांधून त्यावर फिल्टर कापडाचा वेढा. पावसाच्या उघडिपी धरत-धरत बरेच दिवस गेले. मजुरी आणि सामान धरून ९,००० रुपये.

आता मागं बघितलं तर जिथं-जिथं फसलं तिथं मी जुन्या उशिराची भरपाई करायला धावत होतो. पाईप वीस फुटांवर टाकायचा विचार, वरच्या टोकाकडनं केलेली सुरुवात, हा जोड. जिथं नीट झालं तिथं जुन्या चुकीनं फक्त एवढंच सांगितलं होतं की कुणाकडं जा आणि काय तपास. कामाला जुंपायला हळहळीसारखा बैल नाही, पण कासरा सोडला की तो बांधावर चढतो.

६ जुलै

जिप्सम. अहवालाप्रमाणं एकरी दोन टन. मी दुकानात १६० पोती सांगून आलो होतो, म्हणजे एकरी चार टन. बायकोनं अहवाल काढून पुढं ठेवला आणि म्हणाली, “इथं चार कुठं लिहिलंय?” फोन करून ८० वर आणली. पोत्याला २६० रुपये.

लॅटरल झालेल्या भागात ६० पोती विस्कटली, बाकीची २० शेडमध्ये. दोन उघडिपींच्या मध्ये रोटर मारून वरच्या चार-पाच इंचांत मिसळलं. जास्त खोल गाडू नका, पातळ होऊन जातं. मग बांध घालून पावसाचं पाणी कोंडलं. दोन दिवस साचू द्यायचं, निचरू द्यायचं, परत साचू द्यायचं. पाऊस कमी पडला तिथं नदीचं पाणी दिलं.

आण्णा बांधावर खुर्ची टाकून बसले होते. “आमी जल्मभर पाणी आत आणलं,” म्हणाले, “ह्यो भाईर काढतोय.”

२७ जुलै

धैंचा, म्हणजे फुलोऱ्यात रानातच गाडायचं हिरवळीचं खत, पेरला, एकरी वीस किलोप्रमाणं, ९० रुपये किलो. तागही चालतो, पण खारट आणि पाणी धरणाऱ्या रानात धैंचा जास्त तग धरतो. उगवण बरी आहे. ओढ्याकडच्या कोपऱ्यात विरळ, पण आहे. त्या कोपऱ्यात चार वर्षांत हरळीसुद्धा नीट आली नव्हती.

आठव्या-नवव्या लॅटरलच्या मोकळ्या पट्ट्यातही मुद्दाम थोडा पेरलाय. बघू.

१४ सप्टेंबर

फुलोरा दिसायला लागल्यावर धैंचा गाडला. पाईप नसलेल्या पट्ट्यात तो मांडीएवढा, पिवळट. पाईप असलेल्या भागात छातीला लागत होता. दोन्हींच्या मधे दोरी धरल्यागत रेष दिसत होती. मे महिन्यातल्या पावसानं दोन लॅटरल अडवल्या नसत्या तर ही तुलना मिळाली नसती. थोरला आबांना गाडीवर बसवून दाखवायला घेऊन आला. आबा त्या रेषेवरनं चालत शेवटपर्यंत गेले आणि परत आले. काही बोलले नाहीत. थोरल्यानं मात्र जागेवरच विचारलं की डंपी लेव्हलवाल्याचा नंबर आहे का.

पाईपच्या तोंडातनं येणाऱ्या पाण्याची क्षारता आता ३.९.

९ नोव्हेंबर

काय पेरायचं यावर घरात आठवडाभर वाद. आण्णांना ऊसच हवा. ऊस क्षाराला लवकर कच खातो आणि परत तेच बारमाही पाणी. मी गव्हावर ठाम राहिलो. गहू बऱ्यापैकी क्षार सोसतो आणि पाणीही मोजकं घेतो. हरभऱ्याचा मोह होता, पण तो क्षाराला फार नाजूक. पुढच्या वर्षी माती परत तपासून ऊस लावला तर ठिबकवर, आणि ऑटो स्टार्टर काढून ठेवणार. आण्णा म्हणाले, “रातचं कोण जाणार?” मी म्हणालो, ठिबकला रातचं जायला लागलं तरी पाणी तुडुंब होत नाही. त्यांना पटलेलं नाही.

लॅटरल असलेल्या भागात वाफसा चौथ्या दिवशी आला. पूर्वी पंधरवडा लागायचा आणि तोवर वरची माती दगड व्हायची.

३० नोव्हेंबर

आठवी आणि नववी लॅटरल झाली. या वेळी खालून वर, तळ धुमसून, जोडाला वाळू घालून. तीन चेंबरमधला गाळही काढला. पहिल्या चेंबरात पाटीभर, बाकीच्यांत ओंजळभर.

खर्च लिहितो, जोडताना माझं काही चुकलं असेल तर सांगा. लॅटरल पाईप ४०,३००. मेन ६३,८००. जेसीबी वाया गेलेल्या तासांसकट ४२,९००. चेंबर ९,६००. मजुरी २१,०००. जिप्सम २०,८००. धैंचा ३,६००. लेव्हल २,५००. माती-पाणी तपासण्या आणि मीटर २,६००. चौथ्या लॅटरलची दुरुस्ती ९,०००. एकूण २,१६,१००. मेन ११० चा घेतला असता, आबांच्या रानातनं न जाता आमच्याच बांधावर ओढा मिळाला असता आणि एप्रिलमधला तो दिवस गेला नसता, तर दीड लाखाच्या आत बसलं असतं. संपाचा हिशोब यात धरलेला नाही. त्याचं लाईट बिल आणि मोटर जळण्याचा खर्च वेगळा झाला असता.

गहू उगवलाय. खालच्या कोपऱ्यात दोन ठिकाणी ताटाएवढे मोकळे ठिपके आहेत, तिथं शेडमधल्या उरलेल्या जिप्समपैकी थोडं टाकेन. बाकीचं नव्या दोन लॅटरलच्या पट्ट्याला.

आबांच्या वरच्या रानाची लेव्हल मंगळवारी आहे. त्यांचा मेन आमच्या तिसऱ्या चेंबरला जोडायचाय. पाईपचा दर मीटरला चार रुपयांनी वाढलाय, त्यामुळं ज्यांना घ्यायचाय त्यांनी तीन-चार जणांनी मिळून मागवा, वाहतूक तरी वाचते.